जॅक्सन हाइट्समधलं एक प्रकरण: सहावीचा प्रवेश, चार लॉटऱ्या आणि एक बंद सिमकार्ड

हे प्रकरण न्यूयॉर्क शहरात, क्वीन्समध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाचं आहे. वडील मूळचे विट्याचे, जॅक्सन हाइट्सच्या ७४ व्या रस्त्यावरच्या सोन्याच्या दुकानात कारागीर. आई औषधांच्या दुकानात काउंटरवर. २०२३-२४ साली मोठी मुलगी पाचवीत होती आणि धाकटा मुलगा दुसरीत. क्वीन्समधल्या पालकांना शाळाप्रवेशाचे अर्ज भरायला मी मदत करते, त्यातून यांची ओळख झाली. कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि शाळांची नावं दिलेली नाहीत.

चार्टर शाळांच्या लॉटरीची चर्चा निघाली की सगळं लक्ष सोडतीच्या दिवसाकडे जातं. कोणाचा नंबर लागला, कोण रडलं, कोणी उड्या मारल्या. सोडत स्वतः बहुतेक वेळा स्वच्छ असते, कायद्यानेच ती यादृच्छिक ठेवावी लागते. पण मुलाच्या वाट्याला काय येणार हे मोठ्या प्रमाणात सोडतीआधीच्या सहा महिन्यांत आणि नंतरच्या पाच महिन्यांत ठरतं. त्या काळात कोणत्या घराकडे माहिती आहे, वेळ आहे, फोन उचलायला माणूस आहे, यावर बरंच काही अवलंबून असतं. हे प्रकरण त्याचं चांगलं उदाहरण आहे.

शाळांची रचना

चार्टर शाळा म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, पण स्वतंत्र संचालक मंडळाने चालवलेली शाळा. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, मुलाखत नाही. आपल्याकडच्या खासगी अनुदानित शाळेशी थोडं साम्य आहे. फरक असा की चार्टरला ठरावीक मुदतीचा परवाना मिळतो आणि नूतनीकरणाच्या वेळी कामगिरी दाखवावी लागते. अमेरिकेतला असा पहिला कायदा १९९१ साली मिनेसोटात झाला. न्यूयॉर्क राज्यात तो डिसेंबर १९९८ मध्ये आला. आज न्यूयॉर्क शहरात पावणेतीनशेच्या आसपास चार्टर शाळा आहेत. त्यांची संख्या किती असावी यावर राज्याची मर्यादा आहे आणि शहरापुरती ती बरीच वर्षं गाठली गेलेली आहे. २०२३ मध्ये राज्याने शहरासाठी १४ जादा परवाने मोकळे केले, तेवढीच काय ती वाढ.

जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर शाळेला सोडत काढावी लागते. आधीपासून शाळेत असलेली मुलं, त्यांची भावंडं आणि त्या शालेय डिस्ट्रिक्टमध्ये राहणारी मुलं यांना प्राधान्य असतं. शहरात असे ३२ डिस्ट्रिक्ट आहेत. अर्ज कमी आले तर सोडत निघतच नाही, येईल त्याला जागा मिळते. हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसतं. ‘चार्टर म्हणजे लॉटरी’ असं डोक्यात बसलेलं असतं.

डिसेंबरचा अर्ज

सहावीत जाताना न्यूयॉर्कमधल्या बहुतेक मुलांची शाळा बदलते. प्राथमिक शाळा पाचवीला संपते आणि मिडल स्कूल सुरू होतं. त्यासाठी शहराच्या शिक्षण खात्याचा स्वतःचा अर्ज असतो, डिसेंबरमध्ये भरायचा, पसंतीक्रम लावून. प्रत्येक मुलाला संगणक एक यादृच्छिक क्रमांक देतो. हा क्रमांक ३२ अक्षरांचा असतो आणि त्यात शून्य ते नऊ हे आकडे व ए ते एफ ही अक्षरं असतात. लहान क्रमांक चांगला, आणि अक्षरं आकड्यांनंतर येतात.

या मुलीचा क्रमांक ‘डी ४’ने सुरू होत होता. आईने त्याचा फोटो पाठवून विचारलं, “ताई, हे बरं की वाईट?” उत्तर काढणं अवघड नाही. पहिल्या दोन स्थानांच्या २५६ जोड्या होतात, त्यांत डी ४ ची जागा २१२ नंतरची. म्हणजे शंभरातल्या जवळपास त्र्याऐंशी मुलांचा क्रमांक हिच्या आधी. ज्या लोकप्रिय शाळा निव्वळ क्रमांकावर मुलं घेतात, तिथे आशा कमी. घराजवळची झोनची शाळा मात्र जवळजवळ हातातली होती, कारण तिथे पत्त्याला प्राधान्य आहे.

वडिलांचं म्हणणं पडलं की मग वरच्या दोन शाळा लिहायच्याच कशाला, उगाच पसंती वाया जाईल. ही भीती फार घरांत दिसते आणि ती निराधार आहे. या शहराची हायस्कूल प्रवेशपद्धत २००३-०४ मध्ये अल्विन रॉथ, पराग पाठक आणि आतिला अब्दुलकादिरोग्लू या अर्थशास्त्रज्ञांनी नव्याने बसवली आणि मिडल स्कूलचं वाटपही आता त्याच तत्त्वावर चालतं. वरची शाळा मिळाली नाही म्हणून खालच्या पसंतीच्या शाळेतली तुमची पत कमी होत नाही. मनात जो क्रम आहे तोच खरेपणाने लिहायचा. त्यांनी तसाच लिहिला. झोनची शाळा तिसऱ्या क्रमांकावर होती.

दार कोणत्या इयत्तेत उघडतं

चार्टर शाळा या अर्जात नसतात. त्यांचा अर्ज वेगळा, मुदत १ एप्रिल, आणि सोडत प्रत्येक शाळेची आपापली. एका सामायिक ऑनलाइन फॉर्मवरून अनेक शाळांना अर्ज करता येतो, त्यामुळे सोडतही एकच असेल असं वाटतं. विट्याच्या आजोबांनाही तसंच वाटलं होतं. महाराष्ट्रात आरटीईच्या २५ टक्के जागांची ऑनलाइन सोडत राज्यभरासाठी एकत्र निघते, तेच चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. इथे चार शाळांना अर्ज म्हणजे चार स्वतंत्र सोडती. चारही ठिकाणी नंबर लागू शकतो, किंवा एकाही ठिकाणी नाही.

यांनी चार शाळा निवडल्या होत्या. दुकानातल्या एका सहकाऱ्याने नवीन ईमेल खातं उघडून मोबाइलवरून फॉर्म भरून दिला होता, संपर्कासाठी आईचा नंबर. त्यानंतर यादी घेऊन ते माझ्याकडे आले. मी पहिला प्रश्न विचारला तो हाच, की या शाळा नवीन मुलं कोणत्या इयत्तेत घेतात?

मिडल स्कूलच्या बाबतीत मला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो आणि नेमका तोच विचारला जात नाही. शहरातल्या अनेक चार्टर मिडल शाळा सहावीला नव्हे, पाचवीला सुरू होतात. तिथली मुख्य सोडत मूल चौथीत असताना निघते. पाचवीतल्या मुलाने सहावीसाठी अर्ज केला तर त्याच्यासाठी उरतात त्या फक्त मधल्या वर्षात रिकाम्या झालेल्या जागा. बालवाडीपासून आठवीपर्यंतच्या शाळांचंही तसंच. सहावीची तुकडी खालूनच वर आलेली असते, कोणी सोडून गेलं तरच जागा. काही संस्था तर ठरावीक इयत्तेनंतर नवीन मूल घेतच नाहीत. शहरातली सगळ्यात मोठी चार्टर साखळी, सक्सेस अकॅडमी, बरीच वर्षं चौथीनंतर रिकाम्या जागा भरत नव्हती. म्हणजे मिडल स्कूलचा विचार करणाऱ्या पालकांसाठी तिचं दार बंदच असायचं. उलट ‘किप’ या दुसऱ्या चार्टर साखळीच्या अनेक मिडल शाळा पाचवीला पूर्ण नवी तुकडी घेतात.

या निकषावर यांची यादी अशी निघाली. पहिली शाळा त्यांच्याच ३० व्या डिस्ट्रिक्टमध्ये, लाँग आयलंड सिटीकडे, सहावीत बऱ्याच नव्या जागा भरणारी. दुसरी शेजारच्या २४ व्या डिस्ट्रिक्टमध्ये, पाचवी ते आठवी, मुख्य सोडत गेल्याच वर्षी होऊन गेलेली. तिसरी घरापासून चालत वीस मिनिटांवर, बालवाडी ते आठवी, सहावीत जेवढी गळती तेवढ्याच जागा. चौथी दक्षिण ब्राँक्समध्ये. ती का लिहिली, असं विचारल्यावर वडील म्हणाले की फॉर्मवर दिसली म्हणून टिक केलं.

चारही ठिकाणी पाचात एक अशी संधी असती, तर कुठेच नंबर न लागण्याची शक्यता ४१ टक्के आली असती. पण संधी सारख्या नव्हत्याच. खरी म्हणावी अशी एकच, पहिल्या शाळेची.

मार्चमध्ये मी त्यांना एक काम दिलं. प्रत्येक शाळेबद्दल दोघांनी मिळून ठरवायचं, की नंबर लागला तर आपण खरंच जाणार का? हे सोडतीआधीच ठरवावं लागतं, कारण ऑफर आल्यावर उत्तर द्यायला शाळा थोडेच दिवस देतात आणि तेव्हा डोकं शांत नसतं. मुलीला वाचनात अडचण होती. तिच्या आयईपीप्रमाणे, म्हणजे विशेष मदत लागणाऱ्या मुलासाठी केलेल्या लेखी शिक्षण-आराखड्याप्रमाणे, विशेष शिक्षिकेकडून आठवड्याला काही तास मदत मिळत होती. आयईपी आहे म्हणून चार्टर शाळा मूल नाकारू शकत नाही. पण प्रत्येक शाळेत प्रत्येक प्रकारची सोय जागेवर असतेच असं नाही. म्हणून आईने एक दिवस सुट्टी काढली आणि जवळच्या दोन शाळांत जाऊन विशेष शिक्षणाच्या समन्वयकांना भेटली. तिसऱ्या शाळेत तिला वर्ग बघू दिला. एका वर्गात दोन शिक्षिका, त्यांतली एक विशेष शिक्षणाची. मुलीसाठी हे उत्तम, असं तिचं मत तिथेच झालं. शाळा बालवाडीपासूनची असल्याने ताईच्या मागोमाग धाकट्यालाही भावंड म्हणून प्राधान्य मिळालं असतं. घरात एकमत झालं की जायचं तर तिसरीत, पहिलीचा विचार करता येईल.

एप्रिल

पूर्वी या सोडती सभागृहात व्हायच्या, गोळे फिरवून, पालकांच्या डोळ्यांदेखत. आता बहुतेक ठिकाणी संगणक करतो आणि निकाल ईमेलवर येतो. पहिल्या शाळेत प्रतीक्षा यादीत ४७ वा क्रमांक, दुसरीत ८८ वा, तिसरीत ९ वा. चौथीत, ब्राँक्सच्या शाळेत, थेट ऑफर. शिक्षण खात्याच्या अर्जातून मिळाली तिसरी पसंती, झोनची शाळा.

त्या रात्री घरात वाद झाला. वडिलांचं म्हणणं साधं होतं. “नंबर लागलाय ताई. लोक वर्षानुवर्षं थांबतात. आपण सोडायचा कसा?” आई म्हणाली की पोरगी पहाटे उठून ‘ई’ मार्गाच्या मेट्रोने मॅनहॅटन गाठणार, तिथे बदलून ६ नंबरच्या गाडीने ब्राँक्सला जाणार, आणि संध्याकाळी तशीच परत. अकरा वर्षांची मुलगी. तिच्यासोबत जाणार कोण?

वडिलांचा ओढा मी समजू शकते. ज्या माणसाला इथे कशाचीच रांग चुकवता आलेली नाही, त्याच्या हातात काहीतरी आपसूक आलं होतं. पण नंबर लागणं आणि शाळा चांगली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोडतीत यश मिळालं की ती शाळा आपोआप मोलाची वाटू लागते, आणि वर्ग बघितलेला नसतो, शिक्षक माहीत नसतात. मार्चमध्ये लिहून ठेवलेला कागद आईने पुढे केला. चौथ्या शाळेपुढे दोघांनीच ‘नाही’ लिहिलं होतं. ऑफर नाकारली. झोनच्या शाळेची जागा घेतली. ती घेतल्याने चार्टरच्या प्रतीक्षा यादीतलं नाव जात नाही, हेही अनेकांना माहीत नसतं आणि ते घाबरून दोन्हीकडे अडकतात.

प्रतीक्षा यादीतल्या क्रमांकाचा अर्थ शाळेगणिक बदलतो. एकच मूल चार-पाच याद्यांत असतं, त्यामुळे याद्या दिसतात त्याहून पुष्कळ पातळ असतात, आणि उन्हाळाभर त्या सरकत राहतात. विचारायचा प्रश्न एकच: गेल्या वर्षी या इयत्तेत तुम्ही कितव्या क्रमांकापर्यंत पोचलात? तिसऱ्या शाळेने सांगितलं, अकरा. म्हणजे नववा क्रमांक ही बरीच भक्कम आशा होती.

ऑगस्ट

जुलैच्या मध्यावर आई दोन्ही मुलांना घेऊन विट्याला गेली. चार वर्षांनी जाणं होत होतं, आजींची तब्येत बरी नव्हती. वडील कामामुळे इथेच थांबले. तिकडे उतरल्यावर तिने फोनमध्ये भारतातलं सिमकार्ड घातलं, सगळेच घालतात.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तिसऱ्या शाळेने तिच्या अमेरिकेतल्या नंबरवर फोन केला, निरोप ठेवला आणि ईमेल पाठवला. उत्तरासाठी दोन कामाचे दिवस होते. सिमकार्ड पाकिटात होतं. ईमेल गेला तो फॉर्मसाठी उघडलेल्या खात्यावर, आणि ते खातं एप्रिलनंतर कोणी उघडून पाहिलं नव्हतं. पाच दिवसांनी वडिलांच्या त्या सहकाऱ्याला सहज आठवलं म्हणून त्याने बघितलं. वडिलांनी दुकानातूनच फोन लावला. समोरच्या बाईंनी शांतपणे, सौजन्याने सांगितलं की जागा पुढच्या मुलाला दिली आहे आणि त्या पालकांनी होकार कळवला आहे.

शाळेने नियम मोडला असं मी म्हणणार नाही. शाळा सुरू व्हायला तीन आठवडे राहिले असताना जागा अडकवून ठेवता येत नाही, आणि दहाव्या क्रमांकावरचं मूलही कोणाचं तरी मूल आहे. पण या व्यवस्थेचा मला मनापासून राग येतो. उन्हाळ्यात गावी जाणारी घरं कोणती? ज्यांचं गाव समुद्रापलीकडे आहे ती. तीन-चार वर्षांतून एकदा जायला मिळतं आणि शाळेची सुट्टी तेव्हाच असते. क्वीन्समध्ये बांगलादेशी, नेपाळी, इक्वाडोरच्या, कोलंबियाच्या घरांचीही हीच गत. त्यांच्याच मुलांचा नंबर जुलै-ऑगस्टमध्ये फोनवर येतो आणि फोनवरच जातो. सोडतीत सगळे समान, पण दोन दिवसांच्या मुदतीत नाहीत. पर्यायी नंबर सक्तीने मागणं, पालकांच्या भाषेत मेसेज पाठवणं, घराबाहेर असल्याची नोंद आधी करून घेणं, यांतलं काहीही खर्चिक नाही.

आणि हे दुसरीकडे सुधारलेलंही आहे. वॉशिंग्टन शहरात २०१४ पासून बहुतेक चार्टर आणि सरकारी शाळांची मिळून एकच सोडत निघते. पसंतीक्रम लावायचा, एकच शाळा मिळते, आणि प्रतीक्षा यादीत नाव राहतं ते तुम्हाला मिळालेल्या शाळेहून अधिक पसंत असलेल्या शाळांतच. डेन्व्हर आणि न्यू ऑर्लीन्सने २०१२ मध्ये अशी एकत्र पद्धत आणली. त्यामुळे एकाच मुलाने पाच जागा अडवायच्या आणि ऑगस्टमध्ये त्या एकामागून एक सोडायच्या, हा प्रकार कमी होतो. न्यूयॉर्कमध्ये शिक्षण खात्याचं वाटप एकीकडे, प्रत्येक चार्टर दुसरीकडे, आणि मधला सांधा पालकाने आपल्या फोनवर जुळवायचा.

गेलं ते काय

आई परतली तेव्हा फार खचलेली होती. तिला वाटत होतं, एका सिमकार्डापायी पोरीचं आयुष्य बदललं. मी तिला संशोधन सांगितलं, समजूत घालायची म्हणून नाही, ते खरंच या प्रश्नाशी भिडतं म्हणून.

सोडतीत जिंकलेली आणि हरलेली मुलं सुरुवातीला सारखीच असतात, नशिबाखेरीज त्यांच्यात फरक नसतो. त्यामुळे पुढे दोघांची तुलना केली की शाळेचा परिणाम स्वच्छ दिसतो. अमेरिकी शिक्षण खात्याने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास नेमका मिडल स्कूलवरचा होता. १५ राज्यांतल्या ३६ चार्टर मिडल शाळा, सगळ्या सोडत काढणाऱ्या. सरासरी निष्कर्ष असा की गणितात किंवा वाचनात जिंकलेल्या मुलांची प्रगती हरलेल्यांहून ठळकपणे वेगळी नव्हती. जिंकलेली मुलं आणि पालक शाळेवर अधिक खूश होते, एवढं मात्र दिसलं. पण सरासरीखाली मोठी तफावत होती. गरीब वस्तीतल्या मुलांना घेणाऱ्या शाळांत गणितात फायदा दिसला, सुस्थितीतल्या मुलांच्या शाळांत उलट परिणाम. विल डॉबी आणि रोलंड फ्रायर यांनी २०११ मध्ये हार्लेम चिल्ड्रन्स झोनच्या प्रॉमिस अकॅडमीचा अभ्यास केला, तिथल्या मिडल स्कूलमध्ये गणितातली वाढ फार मोठी होती. बॉस्टनच्या चार्टर मिडल शाळांबद्दलचे निष्कर्षही तसेच जोरदार आहेत.

म्हणजे काही शाळांत नंबर लागण्याने खरोखर खूप फरक पडतो आणि काहींत पडत नाही. ‘चार्टर’ या पाटीवरून ते कळत नाही. तिसऱ्या शाळेतला दोन शिक्षिकांचा वर्ग ही खरी गोष्ट होती आणि ती गेल्याचं नुकसान खरं आहे, हे मी तिच्यापासून लपवलं नाही. पण आयईपी मुलीसोबत झोनच्या शाळेतही जातोच. सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात आईने तिथल्या समन्वयकांची भेट घेतली, मार्चमध्ये चार्टर शाळांत विचारलेले तेच प्रश्न विचारले, आणि वाचनाचे तास वेळापत्रकात कुठे बसवले आहेत ते लेखी मागून घेतलं. बहुतेक पालक झोनच्या शाळेत हे विचारत नाहीत. ती सोडतीशिवाय मिळालेली असते, म्हणून तिच्याकडून काही मागायचं असतं हेच सुचत नाही.

मुलगी आता सातवीत आहे. तिचं वाचन सुधारतंय, हळूहळू. शाळा चालत बारा मिनिटांवर आहे.

धाकटा यंदा चौथीत गेला आणि प्रश्न पुन्हा उभा राहिला, या वेळी वेगळ्या रूपात. पाचवीला सुरू होणाऱ्या दुसऱ्या शाळेची मुख्य सोडत त्याच्यासाठी याच एप्रिलमध्ये आहे. बहीण तिथे नाही, त्यामुळे भावंडाचं प्राधान्य नाही, आणि डिस्ट्रिक्टही शेजारचा. नंबर लागलाच तर प्राथमिक शाळा एक वर्ष आधी सोडावी लागेल, मित्र तिथेच राहतील. वडील म्हणतात, त्याला तिथे जाऊ द्या. आईचं अजून ठरत नाही. फॉर्मवर या वेळी दोघांचे नंबर आहेत, रोज उघडलं जातं ते ईमेल खातं आहे, आणि विट्याची तिकिटं जूनअखेरीला जाऊन जुलैअखेरीला परत येण्याची काढली आहेत. त्या शाळेतला वर्ग बघायची वेळ तिने पुढच्या मंगळवारची घेतली आहे, आणि मुलालाही सोबत नेणार आहे.